२२० वजा बाबांचं वय

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

गेले दोन महिने भाग आला नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. काहींनी मेसेज करून विचारलं, काय रे, बंद केलं का? बंद नाही केलं. घरी एक गोष्ट झाली होती, आणि आजचा भाग त्या गोष्टीवरच आहे. विषय तसा कोरडा वाटेल. जास्तीत जास्त हार्ट रेट म्हणजे काय, तो कसा काढतात, आणि व्यायाम करताना त्याचा उपयोग किती. पण मी तो चुकीचा वापरला, आणि त्याचा त्रास बाबांना झाला. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

नव्या श्रोत्यांसाठी, मी वर्ध्याचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, नोकरी पुण्याची पण महिन्यातले पंधरा दिवस घरूनच काम करतो. बाबा ५९ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. सहा वर्षांपासून बीपी आहे, आणि दोन वर्षांपासून रोज सकाळी मेटोप्रोलॉलची गोळी. ही गोळी लक्षात ठेवा, पुढे तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

रिटायर झाल्यावर बाबा सकाळी चालायला लागले. कधी सेवाग्रामच्या रस्त्याने, कधी हनुमान टेकडीवर. मला भारी वाटलं. दिवाळीला मी त्यांना घड्याळ घेऊन दिलं, हार्ट रेट दाखवणारं. आता मुलगा इंजिनियर म्हटल्यावर नुसतं घड्याळ देऊन थांबेल का? मी एक शीट बनवली. वय टाका, झोन काढा. २२० वजा ५९, म्हणजे १६१. मध्यम व्यायामासाठी त्याच्या ६४ ते ७६ टक्के घेतात, म्हणजे १०३ ते १२२. घड्याळात अलार्म लावून दिला आणि बाबांना सांगितलं, "चालताना १०३ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर फायदा नाही."

हे वाक्य मी बोललो. "नाहीतर फायदा नाही." आणि बाबा शिक्षक माणूस, आकडा दिला की तो पाळणार.

दोन दिवसांनी फोनवर म्हणाले, "अरे, तुझ्या घड्याळाला समजूनच नाही राहिलं मी चालून राहिलो म्हणून." ते चांगले भराभर चालायचे, अंगाला घाम यायचा, पण घड्याळ ९२-९३ च्या वर जाईना. मी म्हटलं, स्पीड वाढवा. त्यांनी वाढवला. ९६. मग टेकडीचा चढ चढायला लागले. ९९. रोज संध्याकाळी मला स्क्रीनशॉट पाठवायचे, परीक्षेतले मार्क दाखवावेत तसे. मीही इकडून अंगठा दाखवायचो.

मग जानेवारीत एक दिवस सकाळची गोळी घ्यायची राहिली. त्या दिवशी घड्याळ १०८ वर गेलं! बाबा खूश. आणि माणसाचं डोकं कसं चालतं बघा. त्यांनी हिशोब केला की गोळी घेतली की आकडा चढत नाही, नाही घेतली की चढतो, म्हणजे गोळी आडवी येते. आईला न सांगता चार दिवस गोळी घेतलीच नाही. पाचव्या दिवशी टेकडीवर छातीत धडधड सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते दगडावर बसून राहिले. सोबतच्या काकांनी गाडीवर बसवून घरी आणलं. दवाखान्यात बीपी १७८ / १०४ निघालं. नशीब बलवत्तर, ईसीजी ठीक आला. दोन दिवस ठेवून घेतलं, मग सोडलं.

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही गोळ्यांची जात म्हणजे बीटा ब्लॉकर. अ‍ॅड्रिनलिन हृदयाला 'पळ पळ' म्हणतं, ते हृदयाला कमी ऐकू यावं, हेच या गोळीचं काम. बसल्या जागी ठोके कमी होतात आणि जोर लावल्यावरही ते कमीच चढतात. म्हणजे ९२ दिसत होतं, ते बाबा कमी चालत होते म्हणून नाही, गोळी तिचं काम करत होती म्हणून. आणि ही गोळी एकदम बंद केली की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तसं होतं. बीपी आणि ठोके उसळतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्यांना झटकासुद्धा येऊ शकतो. म्हणून ही गोळी कमी करायची असेल तरी डॉक्टरच्या सांगण्याने, हळूहळू.

मी घरी येऊन माझी शीट उघडली. माझ्या फॉर्म्युल्याला एकच इनपुट होतं, वय. गोळीचा रकानाच नव्हता. ऑफिसात कोणी ज्युनियरने असा कोड पाठवला असता, तर मीच त्याला विचारलं असतं की बाबा रे, बाकीच्या केसेस कुठे आहेत?

मग मी वाचायला बसलो. हा २२० आला कुठून?

राजेहो, ही कथा ऐकण्यासारखी आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे दोन डॉक्टर हृदयरोग आणि व्यायाम यावर काम करत होते. हृदयाच्या रुग्णांना व्यायाम किती झेपेल, हा त्यांचा प्रश्न. एका बैठकीला विमानाने जाताना त्यांच्याजवळ दहाएक अभ्यासांचे आकडे होते, वेगवेगळ्या वयाच्या लोकांचा जास्तीत जास्त हार्ट रेट. ते कागदावर मांडले तर ठिपके साधारण एका रेषेत उतरताना दिसले. रेषा जवळजवळ २२० वजा वय अशी बसली. १९७१ मध्ये ते छापून आलं. हॅस्केल यांनी स्वतःच नंतर सांगितलं की ती माणसं काही सगळ्या जनतेची प्रतिनिधी म्हणून निवडलेली नव्हती. बहुतेक पंचावन्नच्या आतले, काही सिगारेट ओढणारे, काहींना हृदयरोग. त्या दोघांना एक ढोबळ अंदाज हवा होता. पण आकडा इतका सोपा की तोंडातल्या तोंडात गणित होतं. मग तो जिमच्या भिंतीवर गेला, ट्रेडमिलवर छापला गेला, पुस्तकांत गेला, आणि शेवटी माझ्या शीटमध्ये आला.

२००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं. ३५१ अभ्यास एकत्र केले, १८,७१२ निरोगी माणसं. त्यांचं सूत्र आलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट. गंमत अशी की चाळीस वर्षं वयाला दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, १८०. चाळीसच्या आत जुनं सूत्र जास्त सांगतं, चाळीसनंतर कमी. सत्तरीच्या माणसाला जुनं म्हणतं १५०, नवं म्हणतं १५९. नॉर्वेत २०१३ मध्ये ३,३२० निरोगी लोकांवरून आणखी एक सूत्र निघालं, २११ वजा वयाच्या ०.६४ पट. आता बाबांचं वय टाका. पहिलं म्हणतं १६१, दुसरं १६७, तिसरं १७३. एकच माणूस, तीन उत्तरं, बारा ठोक्यांचा फरक.

आणि आईचं? आई ५४. जुन्या सूत्राने १६६. २०१० मध्ये शिकागोकडच्या ५,४३७ महिलांच्या स्ट्रेस टेस्टवरून मार्था गुलाटी यांच्या गटाने फक्त बायकांसाठी सूत्र काढलं, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. त्याने आईचं १५८ येतं. म्हणजे बाबांचा आकडा वर सरकतो आणि आईचा खाली. आईला मी हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाली, "मला घड्याळ नको रे, बांगड्यांत अडकते." विषय संपला.

पण खरी भानगड कोणतं सूत्र बरोबर ही नाहीच. कोणतंही घ्या, ते सरासरी सांगतं. एकाच वयाच्या निरोगी माणसांत हा आकडा वरखाली दहा-बारा ठोक्यांनी पसरलेला असतो. म्हणजे साधारण असं धरा की शंभरातल्या सत्तर लोकांचा खरा आकडा सूत्राच्या दहा-बारा ठोक्यांच्या आत सापडेल आणि तिसांचा बाहेर. चार-पाच जण तर वीसाच्याही पलीकडे. चपलेचं बघा ना, वर्ध्यातल्या सगळ्या पुरुषांचा सरासरी नंबर आठ निघाला म्हणून दुकानदाराने सगळ्यांना आठचीच चप्पल द्यायची का? आणि तुम्हाला बसली नाही तर पाय चुकीचा म्हणायचं?

आणखी एक गैरसमज, जो माझाही होता. जास्तीत जास्त हार्ट रेट जास्त असणं म्हणजे फिटनेस जास्त, असं नाही. सराव केल्याने तो वाढत नाही. सरावाने बसल्या जागीचे ठोके कमी होतात, एका ठोक्यात जास्त रक्त जातं. वरची मर्यादा मात्र बहुतेक जन्मतः आणि वयाने ठरते. हृदयात ठोका सुरू करणारी जी गाठ असते, तिचा स्वतःचा वेग वयाबरोबर मंदावतो आणि अ‍ॅड्रिनलिनला तिचा प्रतिसादही कमी होतो. त्यामुळे मित्राचा १९८ आणि तुमचा १८४ असेल तर वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

माझा मी मोजला. वय २८, जुनं सूत्र १९२, तनाकांचं १८८. आधी पंधरा मिनिटं हळू पळून अंग गरम केलं. मग चढावर चार मिनिटं जोरात, थोडं सावकाश, परत चार मिनिटं जोरात. तिसऱ्या वेळी दोन मिनिटांनंतर आणखी वेग वाढवत पार दम तुटेपर्यंत. छातीच्या पट्ट्यावर २०१ आला. आणि त्याच वेळी मनगटावरचं घड्याळ १७४ दाखवत होतं! मी थक्क. नंतर कळलं की १७४ ही माझी मिनिटाची पावलं होती. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालचं रक्त बघतं, हात हलला की तो सिग्नल गढूळ होतो, आणि कधी कधी ते पावलांची लय म्हणजेच नाडी समजून बसतं. पट्टा ढिला असेल तर हमखास.

पण थांबा, हे ऐकून कोणी उद्या सकाळी टेकडीवर दम तोडायला जाऊ नका. मी तरुण, निरोगी, आठवड्यातून चार दिवस पळणारा, सोबत मित्र होता, डिसेंबरची सकाळ होती. चाळीस ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, सिगारेट असेल, घरात कोणाला लवकर झटका आला असेल, तर आधी डॉक्टर. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास झाला होता. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयाचा पहिला झटका बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं. त्यामुळे 'मला काय होते' हे आपल्याला परवडणारं नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे मला मैदानावर विचारतात, "भाऊ, पल्स किती पाहिजे?" मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोन्ही जवळजवळ पूर्ण ताकदीची धाव. रोज तेवढ्याच जोरात पळायचं नसतं, हे त्यांना आकड्यांपेक्षा श्वासाने लवकर कळतं. आणि ऊन. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले, ते आठवत असेल. आपल्याकडे तर एप्रिलपासूनच भट्टी. शरीर थंड ठेवायला हृदय त्वचेकडे जास्त रक्त ढकलतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, मग तोच वेग राखायला ठोके जास्त लागतात. माझ्याच नोंदी बघतो, जानेवारीत सकाळी सहाला एका वेगाला १४८, मे महिन्यात त्याच वेगाला, त्याच वेळेला १६३. पाय तेच, रस्ता तोच. अशा दिवशी घड्याळाच्या झोनसाठी वेग कमी करा, आणि शरीर थांब म्हणत असेल तर झोन हिरवा असला तरी थांबा.

आता बाबांकडे परत येतो, कारण खरं उत्तर तिथेच मिळालं.

महिनाभराने, गोळी परत नियमित झाल्यावर, डॉक्टरांनी ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट केली. छातीला तारा, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, बाजूला डॉक्टर उभे. मी विचारलं, गोळी बंद करून करायची का? त्या म्हणाल्या, रोगाचं निदान करायचं असेल तर कधी कधी तसं करतो, आणि ते आम्ही ठरवतो. इथे मात्र रोज किती चालायचं ते बघायचं आहे, आणि बाबा रोज गोळी घेऊनच चालणार आहेत. साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती.

बाबांचे बसल्या जागीचे ठोके ५८. पाय आणि दम दोन्ही संपले तेव्हा १२६. सूत्राच्या १६१ पेक्षा ३५ कमी!

मग कार्व्होनेन यांची पद्धत. मार्टी कार्व्होनेन हे फिनलंडचे, त्यांचा अभ्यास १९५७ चा. ते म्हणतात, शून्यापासून टक्के काढू नका, कारण माणूस शून्यावर नसतोच. बसल्या जागीचा आकडा आणि वरचा आकडा यांच्यामधली जागा घ्या, तिचे टक्के काढा, आणि ते बसल्या जागीच्या आकड्यात मिळवा. बाबांची मधली जागा १२६ वजा ५८, म्हणजे ६८. मध्यम व्यायाम म्हणजे त्याचे ४० ते ६० टक्के, २७ ते ४१. त्यात ५८ मिळवले की ८५ ते ९९.

८५ ते ९९. आणि पहिल्या दिवशी, मी अक्कल शिकवायच्या आधी, बाबा ९२ वर चालत होते. बरोब्बर मधोमध.

मी त्यांना हे दाखवलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी पासच होतो की रे." मला कसंतरीच झालं.

स्ट्रेस टेस्ट प्रत्येकाने करायची गरज नाही, आणि ती फुकटही नाही. मॅडमनी बाबांना जे सांगितलं ते बिनपैशाचं आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही पाहिजे. आरामात गाता येत असेल तर थोडा वेग वाढवा. दोन-तीन शब्दांवर श्वास तुटत असेल तर कमी करा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी तर हेच माप धरा, कारण गोळी ठोके दाबते पण दम लागायचा तो लागतोच. नाडी हाताने मोजायची असेल तर थांबल्याबरोबर, दोन बोटांनी, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. एक ठोका चुकला तर उत्तरात चारचा फरक पडतो, तेवढं लक्षात असू द्या. आणि छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, भलताच घाम, यातलं काही आलं तर आकडा न बघता थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

बाबा काही गाणारे नाहीत. त्यांनी स्वतःचं माप शोधलंय, पाढे. सपाट रस्त्यावर सतराचा पाढा एका दमात, आवाजात, सेवाग्राम रोडवरचे लोक वळून बघतात. मी एकदा म्हटलं, घड्याळ तरी घालत जा. तर म्हणाले, "बापूंच्या कमरेलाही घड्याळ होतं. ते वेळ बघायला होतं." यावर काय बोलणार? गांधीजींनाही बीपी होतं, आणि चालणं त्यांनीही सोडलं नव्हतं.

घड्याळातला अलार्म मी काढून टाकला. शीट अजून आहे, फक्त सगळ्यात वर एक रकाना वाढवला, 'रोजची औषधं', आणि तो भरल्याशिवाय खालचं काही उघडत नाही. गोळ्यांचं पाकीट आता आईच्या ताब्यात आहे.

काल सकाळी मीही त्यांच्यासोबत टेकडीवर गेलो होतो. चढाला त्यांनी तेराचा पाढा लावला. तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न... तिथे आवाज तुटला, त्यांनी वेग कमी केला, दोन श्वास घेतले, आणि पुढे तेरा पंचे पासष्टपासून सुरू. मी मागे होतो, आणि खरं सांगतो, मला दहापर्यंत म्हणवला नाही.

चला, आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.